एका बोटावरचा कारभार : सोसायटी-व्यवस्थापन ॲपचे परीक्षण

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहनिर्माण संस्थेत जे व्यवस्थापन ॲप वापरले जाते, त्याविषयी आसपासच्या संकुलांतील परिचित मंडळी वरचेवर विचारणा करतात. ॲप घ्यावे का, त्याचे पैसे वसूल होतात का, ज्येष्ठ नागरिकांना ते जमते का, असे त्यांचे प्रश्न असतात. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे. ॲपचे किंवा संस्थेचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. ज्या दोषाविषयी मुख्यत्वे लिहायचे आहे तो या जातीची कोणतीही सेवा घेताना तपासून पाहावा लागेल असा आहे. त्याची निम्मी मुळे ॲपच्या रचनेत आहेत आणि उरलेली माणसाच्या स्वभावात.

आधी गुण सांगतो, कारण ते खरोखरच आहेत. पाहुण्याने घाईघाईत खरडलेले नाव आणि निम्मे अंक गाळलेला मोबाइल क्रमांक यांनी भरलेली फाटकावरची जाडजूड नोंदवही गेली, हे उत्तम झाले. देखभाल खर्चाचे बिल ठरल्या तारखेला फोनवर येते, पैसे भरताच पावती मिळते आणि मागील वर्षांची बिले शोधण्यासाठी कार्यालयातील कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे विचारत फिरावे लागत नाही. घरकामाच्या मावशी आत आल्याची सूचना मिळते. आमच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर मागवणे संकुलांच्या पाचवीला पुजलेले आहे. टँकर किती वाजता आला, किती लिटरचा होता आणि चलनावर सही कोणी केली, याचा फोटोसह हिशेब ठेवण्याची सोय तर मी सर्वांत उपयुक्त मानतो, कारण टँकरच्या हिशेबात पाण्यापेक्षा पैसाच अधिक गळतो अशी कुरकूर पूर्वी दर सभेत होत असे. मराठीचा पर्याय आहे, मात्र तो अर्धवट आहे आणि मधूनच पडदा इंग्रजीवर उडी मारतो. एवढे वगळल्यास नेहमीच्या वापरात तक्रारीला फारशी जागा नाही.

तक्रार ॲपच्या त्या भागाविषयी आहे जो सामान्य सभासदाला कधी दिसतच नाही. संस्थेशी करार करताना कंपनी एका व्यक्तीला 'मुख्य ॲडमिन' नेमावयास सांगते. आमच्याकडे स्वाभाविकपणे ते पद सचिवांकडे गेले. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो असता त्यांचा पडदा मला दिसला. सदनिका क्रमांकांची लांबलचक यादी, प्रत्येक क्रमांकापुढे मालकाचे नाव आणि नावापुढे एक लहानशी हिरवी कळ. अंगठा डावीकडे सरकवला की कळ करडी होते आणि त्या सदनिकेचे क्लबहाऊसचे आरक्षण, पाहुण्यांची पूर्वपरवानगी, मदतनिसांचा प्रवेश, चर्चेच्या पानावर लिहिण्याची मुभा, यांपैकी जे निवडले असेल ते बंद होते. कारण विचारले जात नाही, दुसऱ्या कोणाची संमती लागत नाही, आणि कळ कोणी, केव्हा, कशासाठी सरकवली हे सभासदांना कोठेही पाहता येत नाही. तो पडदा मोठ्या सफाईने बनवलेला आहे. वापरायला इतका सोपा की वापरण्यापूर्वी विचार करण्यासाठी क्षणभरही थांबावे लागू नये, आणि माझ्या मते त्याची खरी खोट नेमकी तेथेच आहे.

ज्यांच्या हाती हा पडदा आला ते गृहस्थ मूळचे वाईट नव्हते, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. तसे न करणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल आणि या परीक्षणालाही अर्थ उरणार नाही. सरकारी बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख, स्वतःच्या खिशातून रिक्षाचे भाडे देऊन महापालिकेत खेटे घालणारे. 2020च्या टाळेबंदीत त्यांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची औषधांची यादी स्वतः फिरून गोळा केली, भाजीचा टेम्पो फाटकाशी आणवला आणि लोकांना अंतर राखून रांगेत उभे केले. त्या काळात त्यांना सगळे 'काका' म्हणत आणि त्या हाकेत आपुलकी होती. बिनपगारी, बिनमानधनी पद. त्यातून पैसा खावा असा हेतू त्यांच्या मनाला कधी शिवला असेल असे मला आजही वाटत नाही. सत्तेची भूक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कंत्राटे, टक्केवारी आणि पांढरी गाडी येते. ती भूक पैशावाचूनही लागते, आणि अशा वेळी ती ओळखणे अधिक कठीण जाते, कारण भुकेल्या माणसाला स्वतःलाच आपण सेवा करत आहोत असे मनापासून वाटत असते.

ॲप आल्यानंतर पहिला बदल झाला तो त्यांच्या वेळेचा. पूर्वी ते सकाळी तासभर कार्यालयात बसत. आता दिवसभर फोन वाजू लागला. अमक्याला गच्ची हवी आहे, तमक्याचा सामानाचा टेम्पो आत सोडायचा आहे, भाडेकरूच्या पोलीस पडताळणीचा कागद चढवला आहे तो मंजूर करा. प्रत्येक गोष्ट त्यांच्या बोटाखालून जाऊ लागली. यातील निम्मी कामे व्यवस्थापक किंवा खजिनदार यांच्याकडे सोपवण्याची सोय ॲपमध्ये होती, परंतु ती त्यांनी वापरली नाही. खजिनदारांनी एकदा तसे सुचवले तेव्हा 'तुम्हाला कशाला त्रास' असे उत्तर मिळाले. या उत्तरात खोटेपणा नव्हता, पण लोक आपल्याला विचारतात, आपल्यावाचून त्यांचे अडते, या भावनेची चटक लागलेली होती. चटक लागलेला माणूस ओझ्याबद्दल तक्रार करतो आणि ओझे उतरवू मात्र देत नाही.

दुसरा बदल मी फाटकावर पाहिला. पाचव्या मजल्यावरील एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, गुडघ्यांनी हैराण, वॉकर घेऊन खाली आल्या होत्या. त्यांच्या मुलाने देखभाल खर्चातील रंगकामाच्या वर्गणीवर लेखी हरकत घेतली होती आणि तेवढी रक्कम रोखून धरली होती. त्या दिवशी सकाळी आजींची सेवा करणाऱ्या बाईला सुरक्षारक्षकाने आत सोडले नाही. सचिव तेथेच होते.

"अहो भाऊ, तिला सोडा ना वर. माझी आंघोळ व्हायची आहे अजून."

"आजी, मी काय करणार? सिस्टीममध्ये ब्लॉक दाखवतंय. सिस्टीमच घेत नाही."

आजींनी सुरक्षारक्षकाकडे पाहिले, रक्षकाने हातातील फोनकडे पाहिले, आणि सचिव शांतपणे चालत कार्यालयात गेले. तो ब्लॉक त्यांनी स्वतः आदल्या रात्री घातला होता, हे नंतर समितीच्या बैठकीत उघड झाले. ज्या माणसाने टाळेबंदीत याच आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या दारात आणून दिल्या होत्या, त्याने त्यांना तोंडावर खोटे सांगितले. आणि सांगताना त्याचा आवाज जराही कापला नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. समोरच्या माणसाचे तोंड पाहून 'नाही' म्हणणे जड जाते, आणि सत्ता गाजवणाऱ्यावरचा तो एक नैसर्गिक लगाम असतो. ॲपने तो काढून टाकला. शिक्षा रात्री घरी बसून द्यायची आणि सकाळी यंत्राकडे बोट दाखवायचे, अशी ही व्यवस्था आहे.

कायद्याचे म्हणाल तर यातील काहीच त्यात बसत नाही. थकबाकी वसूल करायची असल्यास संस्थेने नोटीस द्यावी आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवावा, असा सरळ मार्ग आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घातले गेले त्यातही तो कायम आहे. आमच्या संस्थेने स्वीकारलेल्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार) दंडाचे दर ठरवणे हे सर्वसाधारण सभेचे काम आहे आणि दंड आकारण्यापूर्वी सभासदाला कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. ॲपमध्ये मात्र 'दंड' नावाचा एक रकाना आहे, त्यात ॲडमिन मनास येईल तो आकडा टाकू शकतो आणि तो आकडा पुढील बिलात आपोआप चढतो. थकबाकीवरील व्याजाला उपविधींनी वर्षाला सरळव्याजाने 21 टक्क्यांची, आणि भाड्याने दिलेल्या सदनिकेच्या बिनभोगवटा शुल्काला राज्य शासनाने 2001 सालच्या आदेशाने सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची कमाल मर्यादा घातलेली आहे. त्याहून मोठा आकडा टाकल्यास ॲप साधी सूचनाही देत नाही. महाराष्ट्रातील संस्थांना ही सेवा विकणाऱ्या कंपनीने एवढे दोन आकडे आपल्या प्रणालीत बसवू नयेत, हे मला अनाकलनीय वाटते.

हा दंडाचा रकाना निवडणुकीच्या सुमारास कामास आला. थकबाकीदार सभासद व्यवस्थापक समितीची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरतो, ही तरतूद योग्यच आहे. परंतु ज्याच्या हाती थकबाकी निर्माण करण्याची कळ आहे त्याच्या हाती प्रतिस्पर्धी वगळण्याचीही कळ येते. समितीच्या कारभारावर बोलणाऱ्या दोघांच्या बिलांत पार्किंगच्या रेषेबाहेर गाडी लावल्याचे दंड चढले. त्यांनी वाद घातला, दंड भरला नाही, आणि काही महिन्यांनी ॲपवर झळकलेल्या थकबाकीदारांच्या यादीत त्यांची नावे ठळक लाल अक्षरांत आली. त्यांच्यापैकी एकाच्या मुलीचे लग्न ठरत होते आणि पाहायला आलेल्या मंडळींना ती यादी कोणीतरी दाखवली. सचिवांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "नियम सर्वांना सारखा." मला त्यांच्या या वाक्याची भीती वाटली. ते ढोंग करत नव्हते. स्वतःचा अपमान आणि संस्थेचा नियमभंग या दोन गोष्टी त्यांच्या मनात तोवर एकच होऊन बसल्या होत्या.

तिसरी गोष्ट इतिवृत्ताची. वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगकामासाठी 'तीन दरपत्रके मागवावीत' असे ठरले होते. काही आठवड्यांनी ॲपवर जे इतिवृत्त वाचावयास मिळाले त्यात 'तीन दरपत्रके मागवण्यात आली व त्यांपैकी एकास मंजुरी देण्यात आली' असे होते. चढवलेला दस्तऐवज ॲडमिनला केव्हाही बदलता येतो आणि आधीची प्रत नाहीशी होते, म्हणून वाद घालणाऱ्याच्या हातात पुरावा उरला नाही.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मूळ हुकुमातील एक अक्षर कोणी फिरवले की नाही हे इतिहासकारांवर सोपवू. परंतु रघुनाथरावांचे चरित्र मला या संदर्भात फार बोलके वाटते, आणि ठाणेकराला तर ते परके वाटूच नये. 1758 साली ज्यांच्या सेनापतित्वाखाली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या तेच हे राघोबादादा. पराक्रमात उणे नव्हते, कुळात उणे नव्हते. पेशवाईची वस्त्रे आपल्या अंगावर असावीत या एका ध्यासापायी त्यांनी 1775 साली सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. वसई त्यांचे सख्खे चुलते चिमाजी अप्पा यांनी 1739 साली पोर्तुगिजांकडून किती रक्त सांडून घेतली होती, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. ठाण्याचा किल्ला तर त्या तहाच्या आधीच, डिसेंबर 1774 मध्ये, इंग्रजांनी जिंकला होता. राघोबांनी त्या बळकावण्यावर एका परीने स्वतःची मोहोर उठवली. आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. स्टेशनकडे जाताना त्या भिंतीवरून नजर गेली की वाटते, घरातल्या घरात हुकूम चालावा म्हणून माणूस परक्याच्या हाती काय काय देऊन बसतो. आमच्या सचिवांनी किल्ला दिला नाही. हजारेक माणसांचे फोन क्रमांक, त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेळा आणि घरकामाच्या बायकांची छायाचित्रे एका खासगी कंपनीच्या स्वाधीन करणाऱ्या कराराच्या नूतनीकरणावर सभेला न विचारता सही केली, कारण त्या करारात 'मुख्य ॲडमिन' म्हणून त्यांचेच नाव पुन्हा छापलेले होते. 2023 साली देशात वैयक्तिक डिजिटल विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे, याची समितीत एकदा चर्चाही झाली नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांसारखा माणूस प्रत्येक संकुलात असेलच असे नाही, आणि आमच्याकडे तो नव्हता. सर्वसाधारण सभेची गणपूर्ती दोनतृतीयांश किंवा 20 सभासद, यांत जी संख्या कमी असेल तिने होते. शेकडो सदनिकांच्या संकुलात 20 माणसे जमली की सभा कायदेशीर. त्या 20 मध्ये निम्मे असे असत ज्यांना गच्ची, जादा पार्किंग किंवा नाहरकत प्रमाणपत्र हवे असे. ते सचिवांना 'साहेब' म्हणू लागले. दिवाळीच्या फराळाची ताटे वाढली. टीकेचा एकही शब्द महिनोन्‌महिने कानावर न पडणे हे कोणत्याही प्रकृतीला मानवत नाही. चर्चेच्या पानावरील नावडते मत पुसण्याची कळ हाताशी असताना तर ते कानावर पडण्याची शक्यताही उरली नव्हती.

आता कंपनीच्या ग्राहकसेवेविषयी. फोन लवकर उचलला जातो, बोलणारी मुले-मुली नम्र असतात, आणि काही जण मराठीत बोलतात. परंतु सभासद या नात्याने मी कळ कोणी सरकवली याची नोंद मागितली तेव्हा 'सर, त्यासाठी ॲडमिनची परवानगी लागेल' असे उत्तर मिळाले. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच संमतीने तक्रारीचा पुरावा मिळणार. कंपनीच्या लेखी ग्राहक म्हणजे संस्था, आणि संस्था म्हणजे मुख्य ॲडमिन. सभासद पैसे भरतो, परंतु तो ग्राहक नाही. संस्थेची पुस्तके पाहण्याचा आणि शुल्क भरून इतिवृत्ताची प्रत घेण्याचा हक्क कायद्याने सभासदाला दिलेला आहे, हे सांगितल्यावर पलीकडील मुलीने प्रामाणिकपणे सांगितले की हा पर्याय तिच्या पडद्यावर नाही.

एवढ्यावर कोणी म्हणेल, माणूस बदला म्हणजे झाले. आम्ही बदलला. समितीची मुदत संपली, निवडणूक झाली, त्या दोन दंडितांनी उपनिबंधकांकडे दाद मागून आपली नावे यादीतून काढून घेतली होती, आणि त्यांपैकी एक सचिव झाले. पहिल्या सभेत त्यांनी अधिकारांची वाटणी करू असे टाळ्यांच्या गजरात जाहीर केले. नंतर म्हणाले, आधीच्या गोंधळाचा निचरा होईपर्यंत सर्व माझ्याकडेच राहू द्या, थोडे दिवस. त्या थोड्या दिवसांत माजी सचिवांच्या सदनिकेची कळ करडी झाली, आणि त्यांच्याकडे नातवाच्या वाढदिवसाला आलेले पाहुणे फाटकावर उभे राहिले. सुरक्षारक्षक तोच होता. त्याने यावेळी फोनकडे पाहण्याची तसदीही घेतली नाही, कोणाला अडवायचे ते त्याला तोंडपाठ झाले होते. सूड एकवेळ समजण्यासारखा आहे. मात्र नव्या सचिवांनी वापरलेले शब्दही तेच निघाले, "सिस्टीमच घेत नाही."

त्यानंतर काही सभासदांच्या मागणीवरून विशेष सर्वसाधारण सभा झाली आणि जे करावयाचे ते ठरावानेच करण्यात आले. ज्यांना हे ॲप किंवा याच्यासारखे दुसरे घ्यावयाचे आहे त्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. सेटिंगमध्ये खोलवर, 'भूमिका आणि परवानग्या' या शीर्षकाखाली, अधिकार विभागण्याची सोय आहे. कंपनीचा प्रतिनिधी ती आपण होऊन दाखवत नाही. फाटकाचा अधिकार व्यवस्थापकाकडे, बिलांचा खजिनदाराकडे, सूचनाफलकाचा सचिवाकडे, अशी वाटणी झाली. दंडाचा रकाना पूर्णपणे बंद केला. मदतनीस, परिचारिका, डॉक्टर आणि रुग्णवाहिका यांचा प्रवेश कोणत्याही कारणाने अडवता येणार नाही असे ठरावात स्पष्ट लिहिले. मुख्य ॲडमिनचा पासवर्ड दोन निम्म्यांत, अध्यक्ष आणि खजिनदार यांच्याकडे वेगवेगळ्या पाकिटांत ठेवला आहे. उपाय गावठी आहे, पण चालतो. इतिवृत्त पूर्वीप्रमाणे बांधीव वहीत, पाने क्रमांकित करून, सहीशिक्क्यानिशी लिहिले जाते आणि ॲपवर त्याचा केवळ फोटो चढतो. नवे सचिव या ठरावाच्या विरोधात बोलले, बराच वेळ बोलले, आणि आपल्यावर अविश्वास दाखवला जात आहे असे म्हणाले. काही महिन्यांनी ते मला उद्वाहनात भेटले तेव्हा झोप पूर्वीपेक्षा बरी लागते असे त्यांनीच सांगितले. माजी सचिव सभांना येत नाहीत. आजींच्या मुलाशी त्यांचे बोलणे अजून सुरू झालेले नाही.

गुण द्यायचेच झाले तर फाटक, बिले आणि टँकरच्या नोंदी यांसाठी पाचपैकी चार, आणि अधिकारांच्या रचनेसाठी एक. कंपनीकडे आम्ही दोन लेखी मागण्या केल्या आहेत. प्रत्येक प्रतिबंधाची नोंद संबंधित सभासदाला कारणासह आपोआप दिसावी, आणि समितीची मुदत संपताच मुख्य ॲडमिनचे अधिकार आपोआप संपावेत. पुढील आवृत्तीत विचार करू असे उत्तर आले आहे. सदनिकेमागे दरमहा आकारणी आणि वर 18 टक्के जीएसटी मोजून घेतलेल्या सेवेत या दोन गोष्टी मुळातच असावयास हव्या होत्या. त्या लेखी मान्य झाल्याखेरीज पुढील वर्षाच्या करारावर सही करू नये, असा ठराव येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. सभा नियमाप्रमाणे 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागेल.